सुटली म्हण

सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५
होळी, वसई

स्वप्ना,

वर मायना नाही, बघितलंस ना? 'चि. सौ.' लिहायला घेतलं आणि पेन पुढे सरकेना. राग गेला की लिहीन.

आज सकाळी आलोशियस बोळिंजला दुधी टाकून परत आला आणि टेम्पोतून उतरता उतरता म्हणाला, "लीलाबाय, तुमच्या भाचीकडे शुक्रवारपासून आठवडाभर माल नको. म्हातारी बोलली, सुनेचं ऑपरेशन आहे. पित्ताचे खडे." असं! मी तुझी सख्खी आत्या. तुझी आई गेल्यावर तुझ्या वेण्या मी घातल्या. आणि तुझ्या ऑपरेशनची बातमी मला कोण देतं, तर टेम्पोवाला. मी मांडवाखाली दुधी उतरवत होते. हातातली खाली पडली आणि फुटली.

गणपतीत भांडून गेलीस ती गेलीसच. फोनवर मला ब्लॉक केलंस. दुधी मात्र ब्लॉक नाही हं! ती रोज सकाळी लागते. तुझ्या कॉम्प्लेक्समधल्या बायका रांगेने बाटल्या घेऊन उभ्या असतात ना, तू काढून विकतेस त्या रसाला. 'स्वप्नाताई बघा कशा बारीक झाल्या, नुसत्या दुधीच्या रसावर!' मी एकदा ऐकलंय हे माझ्या कानांनी. तेव्हा तू माझ्याकडे बघितलं नाहीस, मीही तुझ्याकडे बघितलं नाही.

आता मुद्द्याचं विचारते. ते इंजेक्शन अजून घेतेस का?

पोटात टोचायचं, आठवड्याला एक, पेनासारखं. तुझ्या घरी सासूबाई फ्रीजचा कोपरान् कोपरा उचकतात म्हणून माझ्या फ्रीजमध्ये सुक्या बोंबलाच्या डब्यामागे ठेवायचीस. दर रविवारी 'आत्याकडे भाजी बघायला' यायचीस आणि तुला भीती वाटते म्हणून मी टोचायचे. आमच्या ह्यांचं, तुझ्या काकांचं, इन्सुलिन इतकी वर्षं टोचलं, माझा हात बसलेला. तू म्हणालीस डॉक्टरने दिलंय, मी मान डोलावली. पुढे कळलं, डॉक्टर नाही न् काही नाही, पार्लरवाली देते. मग त्या रविवारी तू मांडवाखाली भडाभडा ओकलीस आणि तोंड पुसून म्हणालीस, आता मोठा डोस सुरू करायचा. मी नाही म्हटलं. तू फ्रीज उघडलास, पेनं पर्समध्ये टाकलीस आणि गेलीस. एवढंच आपलं भांडण.

ऑपरेशनच्या डॉक्टरांना हे सांगितलंयस का? पिशवी परत येईल तिच्यात चिठ्ठी टाक. हो किंवा नाही, एवढंच लिहिलंस तरी चालेल.

तुझ्या नवऱ्याला, संग्रामला, मी काही सांगितलेलं नाही. शप्पथ मला आठवते आहे.

लीलाआत्या


मंगळवार, १८ नोव्हेंबर
होळी

स्वप्ना,

पिशवी रिकामी आली. आलोशियस म्हणतो, "मॅडमनी गेटवरच वाचलं, घडी घातली, खिशात टाकलं." म्हणजे वाचलंस. बरं झालं, आता 'मला मिळालंच नाही' म्हणता यायचं नाही.

त्याच्या फोनवरून तुला फोन लावला तर माझा 'हॅलो' ऐकून कट केलास आणि त्यालाही ब्लॉक केलंस! आता बिचाऱ्याने ऑर्डर कोणाकडून घ्यायची? तुझ्या सासूकडून. घे, तुझ्या हातानेच करून ठेवलंस.

दुपारी एलिसाकडे गेले होते. आपल्या पलीकडच्या वाडीतली, तुझ्याबरोबर बावखलात पोहायला शिकली ती. तिच्या दवाखान्यात आता बसायला जागा मिळत नाही. काकांची साखर तीच बघायची. मी म्हटलं, "माझ्या ओळखीची एक बाई आहे, ती बारीक व्हायचं इंजेक्शन घेते." एलिसा माझ्या पोटाकडे बघून म्हणाली, "मावशी, ती बाई तू नाहीस ना?" म्हटलं, "माझ्याकडे बघून वाटतं का?" खूप हसली. मग मी म्हटलं, त्या बाईचं शुक्रवारी ऑपरेशन आहे, आणि तिने कोणाला सांगितलं नसावं. तिचं हसू गेलं. उठून दार लावून आली.

ती म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते, मध्ये माझी अक्कल घालत नाही.

ते औषध वाईट नाही, तिचेही पेशंट घेतात. पण तपासून, थोड्यापासून सुरुवात करून, डोस हळूहळू वाढवून. त्या औषधाने पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून तर भूक लागत नाही. पाटाचं दार लावलं की पाणी मागे तुंबून राहतं तसं, हे मी म्हटलं, ती म्हणाली साधारण तसंच. आता ऑपरेशनच्या आधी रात्रीपासून उपाशी ठेवतात ते कशासाठी? पोट रिकामं असावं म्हणून. पण हे इंजेक्शन घेणारा माणूस रात्रभर उपाशी राहिला तरी त्याच्या पोटात आदल्या दिवसाचं जेवण असू शकतं. भूल दिली की घसाही झोपतो. ठसका लागत नाही, खोकला येत नाही. पोटातलं वर आलं तर सरळ फुप्फुसात जातं.

मी विचारलं, "मरतं माणूस?"

म्हणाली, "दगावू शकतं. सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होतं त्याच्यासाठी ते सगळंच असतं. आणि मावशी, यावर उपाय आहेत. ऑपरेशन पुढे ढकलतात, आधी नुसतं पातळ देतात, पोटावर सोनोग्राफीचं मशीन लावून आत काय आहे बघतात, भूल द्यायची पद्धत बदलतात. काय करायचं ते भूल देणारा डॉक्टर ठरवेल. पण त्याला माहीत तर हवं! शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं तेही माहीत हवं."

आणि आणखी एक. भराभर बारीक झालं की पित्तात खडे होतात म्हणे. म्हणजे ते खडेसुद्धा तूच ओढवून घेतलेस, मी टोचून दिले. आपण दोघींनी मिळून.

निघताना तिने विचारलं, "ती स्वप्ना आहे का?" मी म्हटलं, नाही. शप्पथ आहे ना. एलिसा म्हणाली, "बरं. पण त्या बाईला आजच सांग."

आता शप्पथेचं. पहिल्याच महिन्यात मी म्हटलं होतं, नवऱ्याला तरी सांग. तेव्हा तू माझा हात धरलास आणि तुझ्या गळ्याला लावलास. 'माझ्या गळ्याची शप्पथ घे आत्या, कोणाला म्हणजे कोणाला सांगणार नाहीस.' मी घेतली. तू चाळिशीची बाई, मी पासष्टीची, आणि लहान पोरींसारखं गळ्याची शप्पथ! पण घेतली ती घेतली. गळ्याची शप्पथ मोडली तर ज्याचा गळा त्याला भोवते, असं मला माझ्या आईने सांगितलंय, आणि तुला मी. तू म्हणशील खुळचटपणा. असेल. पण शुक्रवारी तू टेबलावर पडणार आहेस आणि आज मला खुळचटपणा जमत नाही, शहाणपणाही जमत नाही.

शप्पथेतून सुटायचा रस्ता तुला माहीत आहे. जिने घातली तिने 'सुटली' म्हणायचं. तू तिसरीत असताना लोणच्याची बरणी फोडलीस आणि आत्मारामला सांगायचं नाही म्हणून मला शप्पथ घातलीस. रात्री जेवताना त्याने लोणचं मागितलं तेव्हा तू रडत रडत म्हणालीस, 'आत्या, सुटली, सुटली, सांग.' तुझा बाप तुला एक शब्दही बोलला नाही.

उद्या पिशवीत तेवढं लिहून पाठव. 'सुटली.' पुढचं मी बघते. नाहीतर तू स्वतः सांग, मग मला काहीच करायला नको.

लीलाआत्या


बुधवार, १९ नोव्हेंबर
होळी

स्वप्ना,

आली एकदाची चिठ्ठी! रसाच्या बाटलीचं लेबल उलटं करून त्याच्यामागे लिहिलंयस. घरात कागद नव्हता?

'आत्या, मी ठीक आहे. डॉक्टरांनी जे विचारलं ते सांगितलंय. प्लीज ड्रामा करू नकोस. शप्पथ लक्षात ठेव.'

ड्रामा! हात जोडते बाई तुला.

'जे विचारलं ते सांगितलंय.' अगं, तुला मी आज ओळखते का? आत्माराम विचारायचा, 'शाळेत गेली होतीस ना?' तू म्हणायचीस, 'हो.' आणि गेलीच होतीस, गेटपर्यंत! विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं आणि ते खरं द्यायचं, ही तुझी लहानपणापासूनची रीत. आता डॉक्टरने विचारलं असेल, 'काही गोळ्या चालू आहेत का? बीपी, शुगर, थायरॉइड?' तू म्हणाली असशील, 'नाही.' गोळी नाहीच ती! शेजारी संग्राम उभा असेल, त्याने वर कौतुकाने सांगितलं असेल, ही फक्त दुधीचा रस घेते. आणि डॉक्टरने लिहून घेतलं असेल. असंच झालं ना? खोटं असेल तर मला लिही, मी तोंडावर पडायला तयार आहे.

तुला कशाची भीती वाटते ते मला कळतं, कळत नाही असं समजू नकोस. तू त्या कॉम्प्लेक्समध्ये आलीस तेव्हा लिफ्टमध्ये बायका तुझ्याकडे बघून कडेला सरकायच्या. तूच रडत सांगितलं होतंस. सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणायच्या, आमच्या सुनेला ताट नको, परात द्या. संग्राम काही बोलायचा नाही, फोनमध्ये बघायचा. मला तेव्हा त्या सुनंदाबाईंना मांडवाच्या बांबूने झोडपावंसं वाटलं होतं. आता त्याच सुनंदाबाई शेजारणींना सांगत फिरतात, 'आमच्या स्वप्नाची जिद्द बघा.' संग्राम लग्नाला जाताना तुला पुढे करतो. बायका तुझं ऐकतात. हे सगळं एका वाक्यात जाईल, म्हणून तू गप्प आहेस. मी तुझ्या जागी असते तर मीही गप्प बसले असते कदाचित.

पण मी तुझ्या जागी नाही. मी वाडीत एकटी बसलेय आणि दिवसभर मला तुझा घसा दिसतोय.

माझंही ऐक. मला तरी दुधीचा मान नको होता का? होळीची दुधी, लीलाबाईंची दुधी, सगळ्या बोळिंजमध्ये नाव. बाजारात बायका मला थांबवून विचारतात, कुठलं बी लावता? मी तोऱ्यात सांगते. माझ्या दुधीने कोणाचं चार आण्याएवढंही वजन उतरलेलं नाही, हे मला ठाऊक असून सांगते. तर नाक कापलं जायचं आहे ते दोघींचं. तुझं एकटीचं नाही.

सांग त्या डॉक्टरला. संग्रामला बाहेर पाठव आणि सांग. लाज वाटली तर डोळे मिटून सांग.

नाही जमत? मग मला 'सुटली' म्हण.

आत्या


गुरुवार, २० नोव्हेंबर
होळी

स्वप्ना,

सकाळी पिशवी आली. आत ऑर्डरची चिठ्ठी, सासूबाईंच्या अक्षरात: 'उद्या दुधी नको, कोथिंबीर चालेल.' बाकी काही नाही. पिशवी दोनदा झटकून बघितली.

मग मी ते केलं जे करायचं नाही असं ठरवलं होतं. तुझ्या घरच्या फोनवर फोन लावला. सुनंदाबाईंनी उचलला. मी म्हटलं, कोथिंबीर किती हवी? त्यांनी कोथिंबिरीचं सांगितलं आणि मग आपणहून सगळंच सांगितलं. स्टेशनजवळचं हॉस्पिटल. सकाळी भरती, दुपारच्या आत ऑपरेशन, दुर्बिणीतून. तू आज दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे तपासायला जाणार आहेस. "साधं आहे हो," म्हणाल्या, "दोन दिवसांत घरी. आमची स्वप्ना म्हणजे डॉक्टरसुद्धा चकित. या वयात एक गोळी नाही. सगळी तुमच्या वाडीची पुण्याई, लीलाताई!"

लीलाताई! जन्मात पहिल्यांदा ताई म्हणाल्या मला. आणि माझ्या जिभेवर आलं होतं, अगदी दातांपर्यंत. मी म्हटलं, "सुनंदाबाई..." त्या म्हणाल्या, "काय हो?" आणि मला तुझा गळा हाताखाली लागला, खरंच सांगते, ती नस उडते ती. मी म्हटलं, "कोथिंबिरीबरोबर पुदिना पण पाठवते." आणि फोन ठेवला. मग ओट्याला टेकून बसले आणि ओक्साबोक्शी रडले. एवढी मी काका गेल्यावरही रडले नव्हते.

हे पत्र आलोशियस आत्ता लगेच घेऊन निघतोय, दुपारीच. गाडीला माल नाही, तरी जातोय. त्याने विचारलं, काय एवढं? मी म्हटलं, माझ्या भाचीच्या जिवाचं आहे. त्याने चावी उचलली आणि मेरी मातेच्या फोटोला हात लावला.

आता नीट वाच. उद्या सकाळपर्यंत तुझ्याकडून काही आलं नाही, तर मी येते. 'सुटली' न म्हणता. शप्पथ मोडून. तिथे जो पांढऱ्या कोटातला पहिला भेटेल त्याला सांगते, आणि तिथे संग्राम असो, सुनंदाबाई असोत, तुझ्या रसाच्या सगळ्या बायका असोत, मी बघणार नाही. पुन्हा कधी माझं तोंड बघितलं नाहीस तरी चालेल. तोंड बघायला तू तर असशील!

देवाला सांगितलंय, मोडलेल्या शप्पथेचं काय व्हायचं ते माझ्या गळ्याला होऊ दे. ऐकतो का बघू.

आत्या


शनिवार, २२ नोव्हेंबर
होळी

स्वप्ना,

कशी आहेस?

मला कोणी काही सांगत नाही. तुझा फोन बंद. घरचा फोन वाजत राहतो. संग्रामने काल संध्याकाळी एकदा उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवला. ऑपरेशन झालं का? शुद्धीवर आलीस का? आलोशियस सकाळी कॉम्प्लेक्सच्या गेटवर विचारून आला, वॉचमन म्हणाला, साहेबांच्या घरी कोणीच नाही. कोणीच नाही म्हणजे काय? मी काय समजायचं?

कालचं तू बघितलंसच. तरी मी लिहिते, माझ्या बाजूने काय झालं ते.

टेम्पोत पुढे आलोशियसजवळ बसून आले. मागे कोथिंबीर आणि पुदिना, सुनंदाबाईंचा. वर गेले तर तू व्हीलचेअरवर, हिरवा झगा, केस टोपीत. बाजूला संग्राम, सुनंदाबाई फुलांची परडी घेऊन. तू मला बघितलंस आणि मान हलवलीस. नको नको अशी. मला वाटलं, अजून म्हणतेय सांगू नकोस. माझं डोकं फिरलं. मी तिथेच उभी राहून ओरडले. 'हिला आत नेऊ नका! ही इंजेक्शन घेते बारीक व्हायचं, आठवड्याचं, मी टोचलंय माझ्या हाताने! दुधीबिधी सगळं झूट आहे!' पॅसेजमधले लोक उठून बघायला लागले. सुनंदाबाई म्हणाल्या, "कसलं इंजेक्शन?" संग्राम तुझ्याकडे बघत होता, तसं त्याने तुझ्याकडे कधी बघितलेलं मला आठवत नाही.

मग त्या भूल देणाऱ्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. माझा हात धरून हळू म्हणाल्या, "आजी, शांत व्हा. आम्हाला माहीत आहे. त्यांनी काल तपासणीच्या वेळी स्वतः सांगितलंय. महिन्यापूर्वीच बंद केलंय त्यांनी."

स्वतः सांगितलंय. काल. म्हणजे तू माझं पत्र वाचलंस, संग्रामला बाहेर पाठवलंस, आणि सांगितलंस. मी म्हटलं तसंच केलंस. आणि मला एक ओळ कळवली असतीस तर! पण नाही कळवलंस, आणि मी आले, आणि जे डॉक्टरच्या खोलीत झाकून राहिलं असतं ते मी भर पॅसेजमध्ये उघडं केलं. फुकट. कोणालाही उपयोग नसताना.

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. भिंतीकडे तोंड केलंस.

मी खाली आले, टेम्पोत बसले. आलोशियसने विचारलं, थांबू या? मी म्हटलं, चल. थांबायला कुठलं तोंड होतं? घरी येऊन मांडवाच्या सगळ्या दुध्या उतरवल्या, कोवळ्यासुद्धा. अंगणात पडल्या आहेत. आता कोणी नेणार नाही त्या.

माफी मागू का? मागते. तुझी अब्रू गेली ती माझ्या जिभेने गेली, आणि तीही तू खरं बोलून मोकळी झाल्यावर. पण स्वप्ना, खोटं कशाला बोलू? तू सांगितलंयस हे मला माहीत नसताना पुन्हा तशी वेळ आली, तर मी पुन्हा ओरडेन. मला तेवढंच कळत होतं.

आता मला फक्त भीती आहे. शप्पथ मी मोडली. तू सोडवलेली नसताना मोडली. सकाळपासून दहा वेळा मनाशी म्हटलं, लीला, खुळी आहेस, पोरखेळ तो. पण तुझ्या घरी फोन वाजतो आणि कोणी उचलत नाही.

रागाव, शिव्या दे, जन्मभर बोलू नकोस. फक्त कागदावर एक शब्द लिही म्हणजे मला कळेल की तुझा हात चालतोय. कुठला शब्द ते तुला माहीत आहे.

आत्या


सोमवार, २४ नोव्हेंबर
बोळिंज

आत्या,

मी अजून चिडलेली आहे हे आधी सांगते. हे पत्र वाचून लगेच फोन करू नकोस. मी उचलणार नाही. मला अजून कोणाशीच बोलायचं नाहीये.

ऑपरेशन झालं नाही. मी बरी आहे. आम्ही दोन दिवस संग्रामच्या मावशीकडे होतो, कारण सासूबाईंना कॉम्प्लेक्समध्ये तोंड दाखवायचं नव्हतं. घरचा फोन वाजत राहिला हे तुझ्या पत्रावरून आता कळतंय.

तू गेल्यावर काय झालं ते तुला कोणीच सांगितलं नाही, म्हणून लिहितेय.

मी गुरुवारी डॉक्टरांना सांगितलं होतं हे खरं आहे. तुझं पत्र वाचून सांगितलं. पण मी त्यांना सांगितलं की महिन्यापूर्वी बंद केलं. ते खोटं होतं. मी रविवारी घेतलं होतं. त्याच आठवड्यात, मोठा डोस, आरशासमोर उभी राहून स्वतःच टोचून. मला वाटलं, रविवारी म्हटलं तर ऑपरेशन पुढे ढकलतील, मग संग्राम विचारणार का, सासूबाई विचारणार का, सगळं बाहेर येणार. महिन्यापूर्वी म्हटलं की डॉक्टरांनाही सांगितल्यासारखं होतं आणि घरीही कळत नाही. मला स्वतःला खूप हुशार वाटलं होतं तेव्हा. तू लिहिलंस ना, शाळेच्या गेटपर्यंत गेले होते. तसंच.

तू ओरडून गेलीस आणि सगळ्यांना सगळं कळलं. मग लपवायला काही उरलंच नाही ना. डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, माझ्याजवळ बसल्या आणि परत विचारलं, "शेवटचं नक्की कधी?" मी म्हटलं, रविवारी. त्यांनी सोनोग्राफीचं मशीन मागवलं. मग पोटावर मशीन लावलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवला. मला काही कळलं नाही, राखाडी राखाडी दिसत होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही काल दुपारी काय जेवलात?" मी म्हटलं, डाळभात. आणि रात्री काहीच नाही, पाणीसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "तो डाळभात अजून इथे आहे."

मग त्या म्हणाल्या की मी टेबलावर असते आणि त्यांना वाटत असतं की पोट रिकामं आहे, तर... आणि वाक्य पूर्ण केलं नाही त्यांनी. फाईल ओढली आणि आजचं ऑपरेशन रद्द म्हणून लिहिलं.

आता इंजेक्शन बंद. उरलेली पेनं डॉक्टरांकडे दिली. खडे सध्या दुखत नाहीयेत, त्यामुळे थांबता येईल असं म्हणाल्या. मध्ये दुखलं किंवा ताप आला तर लगेच यायचं. पुढच्या वेळेस आधी नुसतं पातळ, परत सोनोग्राफी, मग ठरवणार. एका दुसऱ्या डॉक्टरांकडे पण पाठवलंय, वजनाचं नीट बघायला. एलिसाचं नाव मी विचारलं, त्या म्हणाल्या चालेल.

संग्राम बोलत नाही. म्हणजे 'चहा घे' एवढंच बोलतो. पण काल रात्री त्याने विचारलं, "मी काही बोललो नाही म्हणून केलंस का हे?" मी हो म्हटलं. तो उठून गॅलरीत गेला. सासूबाईंचा पहिला प्रश्न काय होता माहितीये? "म्हणजे दुधीने काहीच होत नाही?" त्यांनी दोन महिने रोज सकाळी प्यायलाय तो रस, नाक दाबून.

कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर मी सगळं लिहून टाकलं, रस बंद म्हणून पण. काही जणी खूप काही बोलल्या. आणि तिघींनी मला वेगळा मेसेज करून पार्लरवालीचा नंबर मागितला. आत्या, तिघींनी! मी दिला नाही. मी त्यांना डाळभाताची गोष्ट सांगितली. ऐकतील की नाही माहीत नाही.

मी भिंतीकडे तोंड केलं ते तुझ्या रागाने नव्हतं. मला वाटलं तू चेहरा बघशील आणि तुला कळेल की मी डॉक्टरशीही खोटं बोललेय. तुला कळतं नेहमी.

अंगणातल्या दुध्या आलोशियसबरोबर पाठव. रसाला नको. सासूबाई म्हणतात, चण्याची डाळ घालून भाजी करू.

आणि तू मागितलेलं, ते. हात चालतोय माझा, बघ.

सुटली.

स्वप्ना